हिमस्खलनातून बचावाचे प्रशिक्षण : वऱ्हाडातील तरुणांना परवडणारी वाट

वऱ्हाड म्हणजे काळ्या कसदार जमिनीचा, कपाशीचा आणि कडक उन्हाळ्याचा प्रदेश. अमरावती किंवा अकोला येथील माणसाला बर्फ माहीत असतो तो रसवंतीच्या दुकानातला. अशा प्रदेशातील वाचकांपुढे हिमस्खलनाचा विषय मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केल्यास हा विषय वाटतो तितका दूरचा नाही, हे ध्यानात येईल. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात लष्कराच्या ठाण्यावर व गस्तीच्या तुकडीवर हिमकडे कोसळून चौदा जवानांना वीरमरण आले. त्यांत अकोला जिल्ह्याचे सुपुत्रही होते. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीन हिमनदीवरील सोनम ठाणे बर्फाखाली गाडले गेले, तेव्हा प्राण गमावलेल्या दहा जवानांत आपल्या राज्यातील सातारा जिल्ह्याचा एक जवान होता. ज्या प्रदेशातील खेड्याखेड्यांतून तरुण सैन्यात भरती होतात, त्या प्रदेशाला हिमालयातील बर्फ परका राहत नाही.

दुसरा संबंध अलीकडे वाढला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरदार तरुण हिवाळ्यात हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि काश्मीर येथे पदभ्रमणासाठी मोठ्या संख्येने जाऊ लागले आहेत. गुलमर्ग, औली, सोलंग येथे काहीजण स्कीइंगचे प्राथमिक धडे घेतात आणि पुढे आखलेल्या उतारांपलीकडच्या मोकळ्या हिमक्षेत्रात उतरण्याची इच्छा धरतात. आखलेल्या उतारावर देखरेखीची व्यवस्था असते. त्या पलीकडे माणूस, त्याचे सोबती आणि त्यांचे ज्ञान एवढीच व्यवस्था असते. हे ज्ञान कोठे मिळते, त्यास किती खर्च येतो आणि वऱ्हाडातील सामान्य कुटुंबातील मुलामुलींना ते कसे मिळविता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हिमस्खलन कसे घडते

डोंगरउतारावर साचलेला बर्फ हा एकजिनसी नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा, प्रत्येक वाऱ्याचा आणि प्रत्येक उन्हाचा एक थर बनतो. या थरांपैकी एखादा ठिसूळ, साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो आणि त्यावर नव्या बर्फाचा घट्ट थर बसतो. जिनिंगच्या आवारात पोत्यांची थप्पी लावताना मधल्या थरात सरकी सांडलेली असावी आणि थप्पी थोडी कलती असावी, तसाच हा प्रकार होय. थप्पी काही काळ उभी राहते. कोणी तिच्यावर चढला की वरची पोती एकदम घसरतात. उतारावरील घट्ट थर असाच मोठ्या फळीसारखा तुटून, क्षणात वेग घेऊन खाली येतो. प्राणघातक अपघातांपैकी बहुसंख्य या प्रकारच्या स्खलनामुळे होतात.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, अशी स्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा घसरत नाही आणि फार तीव्र उतारावर तो मोठ्या प्रमाणात साचून राहत नाही. दुर्दैवाने स्कीइंगचा आनंदही याच दरम्यानच्या उतारावर अधिक असतो. दुसरी गोष्ट अशी की, क्रीडेसाठी जाणाऱ्यांच्या बहुतेक अपघातांत स्खलनास कारण होतो तो स्वतः बळी पडलेला मनुष्य किंवा त्याच्याच तुकडीतील कोणी. म्हणजे हे संकट आकाशातून कोसळणारे नाही; पुष्कळ प्रसंगी ते माणसाच्या पावलाने जागे होते. जे पावलाने जागे होते, ते पाऊल आवरून टाळताही येते. प्रशिक्षणाचे सारे महत्त्व या एका विधानात सामावले आहे.

धोक्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एकदोन दिवस, वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूस साठविलेले उतार, एकाएकी वाढलेली उष्णता, शेजारच्या उतारावर नुकतेच झालेले स्खलन, पावलाखाली बर्फ बसल्याचा घुमणारा आवाज आणि पुढे पळत जाणाऱ्या भेगा : यांपैकी एकही खूण दिसली तरी तीव्र उताराकडे पाठ फिरवावी, असा तज्ज्ञांचा नियम आहे. तीव्र उताराच्या पायथ्याशी असलेली सपाट जागाही सुरक्षित नसते, कारण वरून आलेला बर्फ तेथेच येऊन साचतो.

पहिली दहा मिनिटे

स्वित्झर्लंडमधील चार दशकांच्या अपघातांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष मननीय आहे. बर्फाखाली पूर्णपणे गाडल्या गेलेल्या व्यक्तीस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक असते. अर्धा तास उलटेपर्यंत ती सुमारे तीस टक्क्यांवर येते. मृत्यूचे मुख्य कारण थंडी नसून श्वास कोंडणे हे असते. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो आणि गाडलेल्या माणसास स्वतःचा हातही हलविता येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पोलीस, लष्कर किंवा आपत्ती प्रतिसाद दल कितीही तत्पर असले, तरी दहा मिनिटांत ते दूरच्या खोऱ्यात पोहोचू शकत नाहीत. तेवढ्या वेळात जवळ असतो तो केवळ सोबती. तो प्रशिक्षित असेल तर जीव वाचतो. म्हणूनच या प्रशिक्षणाकडे हौशी माणसांची चैन म्हणून पाहणे योग्य नाही. पोहणाऱ्याला पोहणे यावे, तितकीच ती प्राथमिक गरज आहे. आणि जी प्राथमिक गरज आहे, तिच्या वाटेत पैशाची अडचण असता कामा नये.

सोबत्याजवळ तीन साधने असावी लागतात. पहिले, छातीशी बांधावयाचे संदेशक यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झ या आंतरराष्ट्रीय वारंवारतेवर सतत संदेश देते आणि कळ फिरविताच इतरांचे संदेश शोधू लागते. दुसरे, घडी होणारी लांब शोधकाठी. तिसरे, धातूचे फावडे. यंत्राने जागा जवळजवळ निश्चित करावयाची, काठीने खोली पाहावयाची आणि मग उताराच्या खालच्या बाजूने आडवे खणत जावयाचे, असा हा क्रम आहे. एक मीटर खोल गाडलेल्या माणसास काढण्यासाठी टनाहून अधिक बर्फ उपसावा लागू शकतो. त्यामुळे फावडे कसे चालवावे, माणसांची रांग कशी लावावी आणि दमलेल्यास केव्हा बदलावे, याचाही सराव करून घेतात. मोबाइल फोन हा संदेशक यंत्राचा पर्याय नव्हे. उलट तो यंत्राजवळ ठेवल्यास शोधात व्यत्यय येतो, म्हणून त्यास दूर ठेवण्याची अथवा बंद करण्याची शिस्त पाळली जाते.

खर्च कशाचा होतो

पाश्चात्त्य देशांत हिमस्खलन सुरक्षेचे प्राथमिक वर्ग दोन किंवा तीन दिवसांचे असतात. काही तास वर्गातील पाठ आणि उरलेला वेळ प्रत्यक्ष उतारावरचा सराव, अशी त्यांची मांडणी असते. भारतात अशा धर्तीचे स्वतंत्र वर्ग मोजक्या खासगी संस्था गुलमर्ग व मनाली परिसरात चालवितात. त्यांचे शुल्क सामान्य विद्यार्थ्यास जड वाटते. कारण थोड्या प्रशिक्षणार्थींमागे एक अनुभवी प्रशिक्षक, प्रत्येकास यंत्र, निवास आणि हंगामाचे मोजके दिवस, या साऱ्यांचा भार त्यात येतो. तिन्ही साधने विकत घ्यावयाची तर तो खर्च वेगळा.

या खर्चाचे तीन भाग पाडून पाहिल्यास वाट सापडते. पहिला भाग ज्ञानाचा : बर्फाचे थर, उतार, हवामान आणि धोक्याच्या खुणा. हा भाग आज जवळजवळ विनामूल्य मिळतो. कॅनडा, अमेरिका व स्वित्झर्लंड येथील हिमस्खलन संस्थांनी आपले प्राथमिक पाठ इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते बहुतांशी इंग्रजीत आहेत, हीच काय ती अडचण. आणि ती दूर करण्याचे काम आपल्याकडील शिक्षक करू शकतात. दुसरा भाग शरीराच्या तयारीचा. तो घरच्या डोंगरावर होतो. तिसरा भाग प्रत्यक्ष बर्फावरील सरावाचा. खरा पैसा येथे लागतो आणि येथेच शासकीय संस्था उपयोगी पडतात.

शासकीय संस्थांची वाट

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या देशाने गिर्यारोहणाच्या शिक्षणाची जी सार्वजनिक व्यवस्था उभारली, ती सामान्य तरुणासाठी मोठाच आधार आहे. एव्हरेस्टवरील पहिल्या यशस्वी चढाईनंतर १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९६१ मध्ये मनाली येथे संस्था सुरू झाली. तीच आज अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाते. १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. काश्मीरमध्ये पहलगाम येथे जवाहर संस्था आणि अरुणाचल प्रदेशात दिरांग येथे २०१३ पासूनची राष्ट्रीय संस्था आहे. गुलमर्ग येथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग व गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात स्कीइंगचे वर्ग घेते. मनालीच्या संस्थेतही हिवाळी स्कीइंगचे वर्ग असतात.

या संस्थांचा प्राथमिक गिर्यारोहण वर्ग सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यात खडक, बर्फ आणि हिमनदी अशा तिन्ही ठिकाणी शिक्षण मिळते. शुल्कात साधारणतः निवास, भोजन, तंबू आणि दोर, बूट, कुऱ्हाड इत्यादी तांत्रिक साहित्याचा वापर समाविष्ट असतो. शासनाचे साहाय्य असल्यामुळे दर दिवसाचा हिशेब केला तर हे शिक्षण खासगी वर्गापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. शुल्काचे आकडे वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीचे माहितीपत्रक संस्थेकडूनच पाहावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्राथमिक वर्गात हिमस्खलनाची ओळख होते. परंतु तेवढ्यावर माणूस मोकळ्या हिमक्षेत्रात नेतृत्व करण्यास पात्र ठरत नाही. प्राथमिक वर्गात ‘अ’ श्रेणी मिळविणाऱ्यास प्रगत वर्गात प्रवेश मिळतो आणि प्रगत वर्गात ती श्रेणी मिळविणाऱ्यास उत्तरकाशीच्या संस्थेतील शोध व बचाव या विषयाच्या विशेष वर्गाचा मार्ग खुला होतो. ही शिडी दोनतीन वर्षांची आहे. तीत घाई चालत नाही, पण ती सामान्य कुटुंबाच्या ऐपतीत बसते. तिच्या जोडीला हिवाळ्यातील दोन आठवड्यांचा स्कीइंग वर्ग घेतला, तर पाया चांगला भक्कम होतो. त्यानंतर ज्यास खरोखरच मोकळ्या हिमक्षेत्रात जावयाचे आहे, त्याने तीन दिवसांच्या खास हिमस्खलन वर्गावर पैसे खर्च करावेत. तोपर्यंत त्या तीन दिवसांचा पुरेपूर लाभ घेण्याइतकी त्याची तयारी झालेली असते.

जागा मर्यादित आणि अर्ज पुष्कळ, अशी या संस्थांची स्थिती आहे. काही वर्गांसाठी कित्येक महिने आधी नाव नोंदवावे लागते. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वयोमर्यादा संस्थेगणिक थोडी भिन्न आहे. या गोष्टींची माहिती वेळेवर नसल्यामुळे ग्रामीण भागातील पात्र मुले मागे राहतात; पैशापेक्षाही हे कारण पुष्कळदा मोठे ठरते.

शुल्काविना मिळणाऱ्या संधी

राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्रांसाठी या संस्थांच्या वर्गांत जागा राखलेल्या असतात आणि निवड झालेल्या छात्राचा खर्च छात्रसेना सोसते. अमरावती येथे छात्रसेनेचे गट मुख्यालय आहे आणि अमरावती, अकोला येथील अनेक महाविद्यालयांत तुकड्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांसाठीही मनालीसारख्या ठिकाणी साहसी शिबिरे होतात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याशी संबंधित विद्यार्थ्यांनी आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे यासंबंधी आवर्जून चौकशी करावी. निवड स्पर्धेने होते. तिच्यात शारीरिक क्षमता आणि शिबिरातील वर्तणूक पाहिली जाते. जो छात्र पहिल्या वर्षापासून तयारी करतो, त्याला तिसऱ्या वर्षी संधी मिळण्याची शक्यता अधिक.

वर्गात शिकविता येईल असा एक पाठ

हिमस्खलनाच्या अभ्यासात उताराचा कोन ओळखणे हे पहिले कौशल्य आहे. त्यासाठी बर्फ लागत नाही. माध्यमिक शाळेच्या भूगोल किंवा गणित शिक्षकास तो पाठ एका तासिकेत देता येईल. कंपासपेटीतील कोनमापक घ्यावा. त्याच्या मध्यबिंदूस दोरा बांधून दोऱ्याच्या टोकास खडा लटकवावा. कोनमापकाची सरळ कड एका लांब काठीवर बसवून ती काठी उतारावर उभ्या दिशेने टेकवावी. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितका सरकेल, तितक्या अंशांचा तो उतार. गवंड्याच्या ओळंब्याचे तत्त्वच येथे वापरले आहे. पाझर तलावाचा बांध, टेकडीची बाजू, मातीचा ढीग यांचे कोन विद्यार्थ्यांनी आधी डोळ्यांनी अंदाजावेत आणि मग मोजावेत. डोळा किती फसतो, हे पाहून त्यांना आश्चर्य वाटेल.

दुसरा टप्पा नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्चता रेषांमधील उंचीचे अंतर ४० मीटर असेल, तर पाच अंतरे मिळून २०० मीटर चढ होतो. उतार ३० अंशांचा असता या २०० मीटर चढासाठी जमिनीवरील आडवे अंतर सुमारे ३४६ मीटर येते, म्हणजे नकाशावर सुमारे ७ मिलिमीटर. उतार ४५ अंशांचा असता तेच अंतर २०० मीटर, म्हणजे नकाशावर ४ मिलिमीटर. यावरून एक साधा नियम निघतो : अशा नकाशावर पाच अंतरे ४ ते ७ मिलिमीटरच्या पट्टीत बसली, तर तो भाग हिवाळ्यात संशयास्पद समजावा. घरी बसून, पट्टी व पेन्सिल घेऊन आखलेला हा मार्ग कोणत्याही महाग उपकरणाइतकाच मोलाचा आहे. त्रिकोणमिती कशासाठी शिकावयाची, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नालाही त्यातून उत्तर मिळते.

घरच्या डोंगरावरील तयारी

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत चिखलदऱ्याची उंची सुमारे अकराशे मीटर आहे. ही उंची हिमालयाच्या मानाने पायथ्याची असली, तरी पाठीवर ओझे घेऊन चालणे, चढउतारावर श्वास सांभाळणे, दोराच्या गाठी आणि रात्रीचा मुक्काम यांचा सराव येथे उत्तम होतो. अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूस नरनाळ्याचा किल्ला आहे. हे दोन्ही भाग मेळघाटच्या वनक्षेत्राशी निगडित असल्यामुळे वनविभागाची अनुमती घेऊनच तेथे कार्यक्रम आखावेत.

अमरावतीला शारीरिक शिक्षणाची परंपरा मोठी आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. ज्या नगरीने शतकापूर्वी आखाड्यातून शिस्त शिकविली, त्या नगरीतील शारीरिक शिक्षकांना गिर्यारोहणाच्या वर्गांसाठी तरुण घडविणे अवघड नाही.

शोध आणि उपसा यांचा सरावही नदीच्या कोरड्या वाळूत करता येतो. वाळूच्या ढिगात एखादे भरलेले पोते पुरावे, बांबूच्या काठ्यांनी हातभर अंतराने क्रमाने टोचत ते शोधावे आणि घड्याळ लावून फावड्यांनी बाहेर काढावे. बर्फाचा अनुभव यातून येत नाही. परंतु गोंधळ न करता कामे वाटून घेण्याची सवय लागते. या सरावाचा लाभ गावालाही आहे. विहीर खोदताना दरड ढासळून मजूर मातीखाली सापडण्याच्या दुर्घटना आपल्या भागास अपरिचित नाहीत. तेथेही श्वास कोंडण्याचाच धोका असतो. मात्र तेथे दुसरी दरड कोसळण्याचे भय अधिक असल्याने, कडा सुरक्षित केल्याखेरीज कोणी आत उतरू नये, हा धडाही याच वेळी द्यावा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत स्वयंसेवकांचे वर्ग घेतले जातात, तेव्हा त्यांतही तरुणांनी नाव नोंदवावे. प्रथमोपचार व कृत्रिम श्वसनाचे शिक्षण तेथे मिळू शकते.

वर्ग किंवा सहल निवडताना

खासगी संस्थेचा वर्ग अथवा हिवाळी पदभ्रमण निवडताना केवळ शुल्काची तुलना करू नये. पुढील प्रश्न लेखी विचारावेत. प्रत्यक्ष बर्फावर किती दिवस? एका प्रशिक्षकामागे किती प्रशिक्षणार्थी? प्रत्येकास संदेशक यंत्र, काठी व फावडे मिळणार काय आणि ते शुल्कात आहे काय? प्रशिक्षकाची पात्रता कोणत्या संस्थेची? हवामान बिघडल्यास मार्ग बदलण्याचा अथवा परतण्याचा अधिकार कोणास, आणि त्या प्रसंगी पैशाचे काय? विमा कोणत्या उंचीपर्यंत लागू आहे? शेवटचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. पैसे बुडतील या भीतीने पुढे जाण्याचा आग्रह धरणारी तुकडी हीच सर्वांत धोकादायक तुकडी होय. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून साहसी उपक्रमांच्या आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था केली आहे. राज्यातील आयोजकाची नोंदणी आहे किंवा नाही, हेही पाहावे.

हिमस्खलनाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी मनाली येथे १९६९ मध्ये संरक्षण संशोधन क्षेत्रात स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे रूपांतर चंडीगढ येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत झाले. हिवाळ्यात तिच्याकडून हिमालयीन भागांसाठी धोक्याच्या पातळीचे इशारे दिले जातात. प्रवासास निघण्यापूर्वी व दररोज सकाळी हा इशारा पाहणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

प्रशिक्षणाची मर्यादा

प्रशिक्षण घेतले म्हणजे धोका संपला, असा समज मात्र होऊ नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखराच्या परिसरात उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रगत वर्गाची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह हाती आले आणि दोघे बेपत्ता राहिले. मृतांत अनुभवी प्रशिक्षकही होते. गुलमर्गच्या आफरवट परिसरात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच भागात एका रशियन स्कीपटूचा अंत झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा येथे रस्तेबांधणी करणाऱ्या ५४ कामगारांची छावणी बर्फाखाली आली. ४६ वाचले, आठ मरण पावले.

या घटनांचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. डोंगर कोणाच्याही प्रमाणपत्राकडे पाहत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. शिकलेल्या माणसाने अधिक धाडस करावे यासाठी हे शिक्षण नाही. त्याने वेळीच ‘नाही’ म्हणावे यासाठी आहे. यंत्र, काठी आणि फावडे ही चूक झाल्यानंतरची साधने होत. चूक टाळणारे साधन म्हणजे सावध बुद्धी, आणि सर्व साधनांत तेच स्वस्त आहे.

कोणी काय करावे

शाळा व महाविद्यालयांनी गिर्यारोहण संस्थांची माहितीपत्रके दरवर्षी मागवून सूचनाफलकावर लावावीत आणि अर्जाच्या तारखा वर्षाच्या आरंभीच जाहीर कराव्यात. विज्ञान व भूगोलाच्या शिक्षकांनी इंग्रजीतील खुले पाठ समजून घेऊन त्यांचा सोप्या मराठीत सार तयार करावा. चारपाच शाळांनी मिळून हे काम केल्यास कोणावरही भार पडणार नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील छात्रसेनेत किंवा सैन्यभरतीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींची नोंद ठेवावी. एखाद्या मुलीची वा मुलाची प्राथमिक वर्गासाठी निवड झाली आणि प्रवासखर्च किंवा गरम कपडे एवढ्यासाठी जाणे अडत असेल, तर ग्रामसभा, सहकारी संस्था आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून तो प्रश्न सोडवावा. ही रक्कम गावाच्या एखाद्या सत्कार समारंभाच्या खर्चाहून मोठी नसते. गरम कपडे, पाठपिशव्या आणि झोपण्याच्या पिशव्या यांचा एक सामायिक संच तालुक्याच्या ठिकाणी ठेवला, तर तो अनेक वर्षे अनेकांच्या उपयोगी पडेल. संदेशक यंत्रांसारखी महाग साधने मात्र जुनी वा नादुरुस्त ठेवू नयेत. ती प्रशिक्षण संस्थेकडूनच वापरास घ्यावीत.

अधिकाऱ्यांनी हिवाळी सहलींना अनुमती देताना मार्ग, मार्गदर्शकाची पात्रता आणि परतीची योजना यांची विचारणा करावी. केवळ संमतिपत्रावर पालकांची सही असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. शिकून परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या शाळेत एक तासिका द्यावी, अशी अट घातल्यास एकाचे शिक्षण पन्नासांपर्यंत पोहोचेल.

वऱ्हाडात बर्फ पडत नाही. पण वऱ्हाडची मुले बर्फात जातात. काही देशाच्या रक्षणासाठी जातात, काही निसर्गाच्या ओढीने जातात. जाण्याचा त्यांचा उत्साह मोडणे हे आपले काम नाही. ती ज्ञान घेऊन जावीत आणि सुखरूप घरी परत यावीत, यासाठी लागणारी व्यवस्था देशात पूर्वीच उभी आहे. तिच्यापर्यंत जाणारी वाट त्यांना दाखविणे, एवढेच गावाने, शाळेने आणि शासनयंत्रणेने मिळून करावयाचे आहे.